हमूदच्या लेकीचा धुरळा

लग्न होऊन मी हैल सिद्रला आले तेव्हा माझी नणंद झुवैना पस्तिशीची होती, आणि रात्री दहानंतर ती घरात सापडायची नाही. सासरची चौथीच रात्र असेल. पाणी प्यायला उठले तर तिचं अंथरूण मोकळं. घाबरून नवऱ्याला हलवलं.

"छतावर असेल," मुहन्ना झोपेतच म्हणाला.

"एकटी?"

"एकटी कुठली. बाबांची सगळी माणसं असतात वर." एवढं बोलून त्याने कूस बदलली.

मी जिना चढून गेले. अंधारात आधी काही दिसलं नाही. मग कठड्याशी एक जाडसर नळी दिसली, आणि तिच्यावर ओणवलेली झुवैना. पाठ वळवून उभी होती, पण माझी चाहूल तिला लागली होती. "दिवा आणला असलास तर तिथेच विझव," ती म्हणाली. "नसलास आणला, तर ये."

माझं आणि तिचं पहिलं बोलणं हे.

तिच्या बापाची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, माणसं कोण ते पुढे हळूहळू कळलं. हमूद गावाचा पाटकरी होता. आमच्या गावाला पाणी एकाच पाटाचं. डोंगराच्या पोटातून येतं आणि पाळीपाळीने प्रत्येकाच्या खजुरीला मिळतं. अर्ध्या तासाचा एक वाटा, त्याला आम्ही अथर म्हणतो. हातावरची घड्याळं येण्यापूर्वी ही पाळी दिवसा काठीच्या सावलीवर चालायची आणि रात्री ताऱ्यांवर. अमका तारा डोंगराआड गेला की अमक्याचा बांध फोडायचा, तमका वर आला की तमक्याचा. हमूदला हे सगळे तारे पाठ होते, आणि कुठल्या महिन्यात कोणाला धरायचं तेही. उन्हाळ्यात सगळं गाव छतावर झोपायचं. तो रात्रभर जागा, आणि आठ वर्षांची झुवैना त्याच्याशेजारी. मुहन्ना तेव्हा पाळण्यात होता. झुवैनाला झोप कमीच. मग बाप दाखवायचा आणि ती बघायची.

ती बारा वर्षांची असताना हमूदच्या छातीचं दुखणं वाढलं. मस्कतच्या इस्पितळात नेला, तो तिथूनच गेला. तो तिकडे असतानाच गावातल्या तिघांनी बसून ताऱ्यांच्या वेळा घड्याळाच्या वेळांत बसवल्या, कागदावर लिहिल्या, आणि तो कागद गावच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर लागला. मग वीज आली, छतांवरून माणसं खाली गेली, खोल्यांना गार हवेची यंत्रं लागली. वर बघायचं कोणाला कारण राहिलं नाही.

झुवैनाचं लग्न एकोणिसाव्या वर्षी निझवाकडच्या एका माणसाशी झालं आणि दोन वर्षांत ती परत आली. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही. मला एकदा एवढंच म्हणाली, "माणूस वाईट नव्हता. घराला छत पत्र्याचं होतं." यात थट्टा किती आणि खरं किती, ते मला आजही ठरवता येत नाही. परत आल्यावर ती मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेची मदतनीस म्हणून लागली. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.

छतावरची ती दुर्बीण त्या शाळेचीच. खोक्यातून आली तेव्हाच तिचा एक पाय मोडलेला होता. सहा वर्षं कोठीघरात पडून होती, आरशावर धुळीचा थर. शाळेने जुनं सामान काढायचं ठरवलं तेव्हा झुवैनाने मुख्याध्यापिकाबाईंकडे अर्ज केला. बाई म्हणाल्या, "अगं, मोडकी आहे ती. घेऊन काय करशील?" ही म्हणाली, "नीट करीन." त्यांनी सही करून दिली. तो सहीचा कागद अजून तिच्या पेटीत आहे. चोरून आणली असं उद्या कोणी म्हणायला नको म्हणून.

नीट करायला तिला दोन वर्षं लागली. आरसा काढून मोटारीच्या बॅटरीत घालायच्या पाण्याने धुतला. बोट न लावता, नुसतं पाणी सोडून. मोडक्या तिवईच्या जागी जुन्या दाराच्या फळ्यांची एक पेटी करून घेतली. तिच्यात नळी वरखाली होते आणि पेटी गोल फिरते. सुतार म्हणाला, "तोफ बसवताय का?" मग आरसा सरळ बसेना. जरा वाकडा असला तरी तारा ठिपका दिसायच्या ऐवजी झुरळासारखा दिसतो, मिशा फुटलेला. रोज रात्री एक स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. शिकवायला कोणी नाही. तिच्या जागी मी असते तर दुसऱ्याच आठवड्यात ते नळकांडं कोंबड्यांच्या खुराड्याला आधार म्हणून लावलं असतं.

मी आले तोवर मात्र ती तरबेज झाली होती. चंद्र, शनी वगैरे पाहुण्यांना दाखवायला. तिचा जीव वेगळ्याच गोष्टींत होता. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे धुरकट पुंजके, ढगासारखे डाग, विझत आलेल्या ताऱ्यांच्या राखेची कडी. उन्हाळ्यात दक्षिणेला वृश्चिक आणि धनु उभे राहिले, की ती अन्नपाणी विसरायची. पहिल्याच रात्री तिने मला धनूतला एक गोळा दाखवला. मला काहीच दिसेना.

"धूसर काहीतरी आहे," मी म्हणाले, नाराज होऊ नये म्हणून.

"खोटं बोलू नकोस. दिसत नसेल तर नाही म्हण. सरळ रोखून बघू नकोस. नजर जरा बाजूला ठेव, त्याच्याकडे लक्ष नाही असं दाखव."

तसं केलं, आणि एकदम भाजलेल्या रव्याची चिमूट कोणी काळ्या कापडावर टाकावी तसं दिसलं. मधोमध दाट, कडेला सुटे सुटे कण. मी डोळा काढला नाही. मान अवघडली तेव्हा लक्षात आलं की माझ्या मागे ती गप्प उभी आहे आणि तिने अर्धा तास मला जागा दिली आहे.

जे बघेल त्याचं ती चित्र काढायची. शाळेतल्या प्रयोगवह्या असतात ना, एक पान रेघांचं आणि एक कोरं, तशा वह्यांमध्ये. कोऱ्या पानावर पेन्सिलीने ताऱ्यांचे ठिपके, बोटाने घासून केलेला धूर. समोरच्या रेघांवर तारीख, वेळ, वारा, धूळ. त्या अठरा वह्या आहेत. दिसलं नाही तर कोरं पान तसंच सोडून रेघांच्या बाजूला लिहायची, "आज दिसलं नाही." मला तर ती पानं चित्रांपेक्षाही मोठी वाटतात.

गावात बोललं जायचंच. रात्रीची छतावर उभी असते, हिला झोप नाही, हिच्यावर काहीतरी आहे. शेजारच्या उम्म फहदने एकदा मला पाटाजवळ गाठून विचारलं, "तुझी नणंद लोकांच्या अंगणात बघते म्हणे त्यातून?" मी घरी येऊन सांगितलं. झुवैना हसली नाही, चिडलीही नाही. त्याच रात्री उम्म फहदला वर बोलावलं आणि म्हणाली, "खालाबाई, तुमचंच अंगण दाखवते. लावा डोळा." उम्म फहदने डोळा लावला. अंगण उलटं, झाड डोक्यावर, कोंबडी आभाळाला पाय लावून झोपलेली, आणि तेही सगळं नुसतं काळपट, अंधुक.

"यातून कोणाची चोरी पकडणार मी?" झुवैना म्हणाली. मग तिने नळी वर फिरवली. उम्म फहद बाराला घरी गेली आणि ते बोलणं तिथे संपलं.

आता पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याचं सांगते.

ओळीने तीन वर्षं पाऊस चुकला होता. पाटाचं पाणी मनगटाएवढं उरलेलं. अशा वेळी मिनिटामिनिटावरून भांडणं होतात. गावात दोन बाजू आहेत, मसऊदकडचे आणि हुमैदकडचे. आम्ही हुमैदकडचे. रात्री आधी मसऊदकडच्यांची पाळी, ती संपली की आमची. मसऊदकडचा म्हातारा थानी कित्येक वर्षं एकच गोष्ट बोलायचा, की आमची पाळी अर्धा तास आधी तोडली जाते. कोणी ऐकायचं नाही. त्या वर्षी त्याच्या बागेतले कच्चे खजूर पिकण्याआधीच गळायला लागले, तेव्हा त्याने आजोबांची पेटी उघडली आणि एक कागद घेऊन बैठकीत आला. कागदावर लिहिलं होतं की उन्हाळ्यात मसऊदच्या वंशाचं पाणी चालेल ते धुरळा उंटखांद्यामागे जाईपर्यंत. उंटखांदा म्हणजे गावाच्या नैर्ऋत्येचा डोंगर. पण धुरळा म्हणजे काय, ते कोणालाच सांगता येईना.

भिंतीवरच्या यादीत ती वेळ विंचवाच्या नांगीच्या ताऱ्यावरून बसवलेली होती. मूळ नक्षत्रातला तो ठळक तारा सगळ्यांना ओळखू यायचा. यादी करणाऱ्या तिघांपैकी एकच जण हयात होता, खमीसकाका. माझ्या सासऱ्यांचा चुलत भाऊ, आमच्या बाजूचा कर्ता पुरुष, वय ऐंशीच्या पुढे.

"धुरळा बिरळा काही नाही," काका म्हणाले. "नांगीलाच जुनी माणसं धुरळा म्हणत असतील. यादी मी माझ्या हाताने केली आहे."

थानी म्हणाला, "मग हमूदच्या लेकीला विचारा."

बैठकीत बायका बसत नाहीत. शेख याकूबने, म्हणजे आमच्या गावप्रमुखाने, मुहन्नाकरवी निरोप पाठवला. मुहन्ना घरी आला तो तणतणतच. झुवैना पीठ मळत होती.

"धुरळा कुठला, माहिती आहे तुला?"

"माहिती आहे."

"नांगीच ना?"

"नाही. नांगीच्या मागे, जरा पूर्वेला, एक धुरकट डाग आहे. बाबा दाखवायचे. म्हणायचे, हा वाऱ्याने उडत नाही म्हणून ह्याच्यावर भरवसा ठेवायचा. दुर्बिणीतून बघितलास तर धूळ नाहीच ती, ऐंशी तारे आहेत."

"नांगीनंतर किती वेळाने मावळतो?"

"जवळजवळ अर्धा तास."

मुहन्ना खाली बसला. "म्हणजे थानी खरं बोलतोय."

"हो."

"आपण कोणाकडचे आहोत, आठवतंय ना तुला?"

"आठवतंय."

"मग माहिती नाही म्हणून सांग. कोण तुला विचारायला येणार आहे? लिंबं सुकतील आपली."

ती हातावरचं पीठ काढत राहिली. म्हणाली, "मी काही सांगितलं किंवा नाही सांगितलं तरी तो त्याच्या वेळेलाच मावळणार. सांग शेखना, की मी बोलून काही सिद्ध होत नाही. आठ वर्षांच्या पोरीची आठवण कोण धरेल? गावातले दिवे एक रात्र बंद करा. दाखवते. मग ज्यांना आठवेल त्यांना आठवेल."

मी तेव्हा नवऱ्याच्या बाजूची होते, हे खोटं कशाला बोलू. लिंबं मी लावलेली होती. रात्री मी तिला विचारलंसुद्धा, "तुला थानीचा एवढा कळवळा कशाला?" ती म्हणाली, "थानीचा नाही." एवढंच.

पहिला प्रयत्न फसला. जूनच्या शेवटी, चंद्र नसलेली रात्र बघून शेखनी दिवे बंद करवले. सगळं गाव पाटाकाठच्या मोकळ्या जागेत जमलं. पण दोन दिवस पश्चिमेचा गरम वारा सुटला होता आणि हवेत इतकी धूळ, की नांगीसुद्धा तांबूस मिणमिणत होती. धुरळा कुठे दिसणार? लोक घाम पुसत बसले. आमच्याच बाजूचा एक जण म्हणाला, "धुरळा तर सगळीकडेच दिसतोय, त्यातला तुझा कुठला?" हसले सगळे. झुवैनाने नळीवर कापड घातलं, वहीत लिहिलं, आणि शेखकडे जाऊन म्हणाली, "आज नाही. पुढच्या महिन्यात परत."

"परत लोक येतील असं वाटतं तुला?"

"थानी येईल. खमीसकाका येतील. आणखी कोण लागतं?"

मला वाटतं मी तिची झाले ती त्या घटकेला. दुसरी एखादी असती तर रडली असती, निदान वाऱ्याला तरी शिव्या दिल्या असत्या.

जुलैच्या शेवटी खजुराची तोडणी ऐन भरात होती आणि माणसं थकलेली. तरी यावेळी दुप्पट लोक आले. मागच्या वेळच्या फजितीची गंमत पुन्हा बघायला मिळेल, या आशेनेही काही आले असतील. आदल्या दिवशी वारा फिरून उत्तरेचा झाला होता. बायकांनी ताज्या पिकल्या खजुरांच्या परड्या, वेलची घातलेली कॉफी, उकडलेले चणे आणले. अकरा वाजता दिव्यांच्या पेटीची किल्ली फिरली आणि गाव काळोखात बुडालं.

आधी सगळे बोलत होते. एकमेकांच्या पायांवर पाय पडत होते. झुवैनाने सांगितलं, "फोन खिशात ठेवा. अर्धा पाऊण तास काही करू नका, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या." आणि खरंच, बोलणं कमी कमी होत गेलं. कोणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं. आभाळात एकेक करून तारे वाढत गेले, आणि मग डोक्यावरून दक्षिणेपर्यंत आकाशगंगा उतरलेली दिसली, मधे काळ्या भेगांसकट. आमच्या गावातली वीसपंचवीस वर्षांची मुलं तिथे होती, त्यांनी हे स्वतःच्या गावातून कधी बघितलंच नव्हतं. माझ्या मागे कोणीतरी हळूच विचारलं, "हे रोज असतं?"

खमीसकाकांना खुर्ची दिली होती. वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले होते. ते दक्षिणेकडे तोंड करून बसले होते, काठीवर हनुवटी टेकवून. झुवैना त्यांच्याजवळ गेली नाही. काही दाखवलं नाही, बोटही केलं नाही. मला वाटलं, आता तरी सांगेल, काका, ते बघा. पण ती दुर्बिणीजवळच उभी राहिली.

साडेबारा वाजत आले होते. विंचू उंटखांद्यावर तिरका झाला होता. काकांनी मान जरा वर केली, जरा डावीकडे वळवली, आणि कोणाला उद्देशून नाही, असेच बोलले.

"तो काय धुरळा."

थानी त्यांच्यापासून चार हातांवर बसला होता. तो उठला. "कुठे?"

"तो. नांगीच्या मागे. डाग दिसतोय बघ, श्वास लागलेल्या काचेसारखा." काकांनी काठी उचलून दाखवली. "हमूद ह्यालाच धरायचा. मी विसरलो होतो. ती यादी केली त्या दिवसांत चंद्र मोठा होता, डाग दिसत नव्हता. आम्ही म्हटलं, नांगी आहे जवळच, काय फरक पडणार. नंतर हमूद परत येईल, तो दुरुस्त करील असं वाटलं होतं."

पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता. मुहन्ना माझ्या शेजारी उभा होता, त्याने मान खाली घातली होती.

मग शेखनी घड्याळ काढलं. नांगीचा तारा डोंगराच्या कडेला टेकला आणि विझला तेव्हा बाराला पन्नास झाले होते. "आता धुरळा," ते म्हणाले.

झुवैनाने तोवर नळी धुरळ्यावर रोखून ठेवली होती. ज्यांच्या डोळ्यांना तो नुसता दिसत नव्हता अशा म्हाताऱ्यांना आधी, मग बाकीच्यांना, तिने एकेकाला डोळा लावू दिला. दर थोड्या वेळाने पेटी हलकेच ढकलायची, कारण तारे सरकत राहतात. धूळ म्हणून समजलेला तो डाग आत गेल्यावर फुटून तारेच तारे झाला होता, निळसर पांढरे, आणि मधे एक पिवळा. थानीने डोळा लावला तो लावलाच. काढेना.

"काका, मागे रांग आहे," कोणीतरी म्हणालं.

"असू दे. चाळीस वर्षं मी रांगेत होतो," थानी म्हणाला.

एक वाजून दहा मिनिटांनंतर डोंगर आला. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, म्हणून तो वरून खाली उतरत होता. काळी खडबडीत कड, आणि तिच्यापुढे एकेक तारा विझत चाललेला. माझी पाळी तेव्हा होती. मी मोजत होते. चौदा उरले, अकरा उरले, झुवैना कानाशी म्हणाली, "आता दुसऱ्याला दे," आणि मी दिलं. शेवटचा तारा कोणी बघितला ते मला माहीत नाही. खमीसकाका नुसत्या डोळ्यांनीच बघत होते. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "गेला." दुर्बिणीपाशी असलेला माणूस त्याच क्षणी "संपले" म्हणाला.

शेखनी फोनच्या उजेडावर हात धरून घड्याळ बघितलं. एक वाजून एकोणीस मिनिटं. म्हणजे एकोणतीस मिनिटांचा फरक. एक अथर, त्यात एक मिनिट कमी.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरची यादी बदलली. खमीसकाकांनी स्वतःच्या हाताने खोडून लिहिलं, आणि वर थानीला एवढंही म्हणाले, की गेलेलं पाणी मी परत देऊ शकत नाही, ते तू मला माफ कर. थानीने त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं. हे मुहन्नाने सांगितलं, मी तिथे नव्हते.

आमच्या घरी मात्र अकरा दिवस भावाबहिणीचं बोलणं बंद होतं. बोलणं बंद म्हणजे मुहन्नाचं. ती रोजच्यासारखी त्याला कॉफी द्यायची, तो कप घ्यायचा, आणि भिंतीकडे बघून प्यायचा. आमच्या बाजूच्या काही घरांतूनही टोमणे आले. "बापाचं नाव राखलं, भावाची बाग घालवली," असं एक जण तिच्या तोंडावर बोलला. ती म्हणाली, "बाग घालवली नाही. अर्धा तास आपला नव्हताच." पण त्या रात्री ती छतावर गेली नाही. मी बघितलं. अंथरुणावर उताणी पडून होती, डोळे उघडे. मी शेजारी जाऊन आडवी झाले. ती म्हणाली, "लिंबांची चूक नव्हती, रय्या."

बाराव्या दिवशी मुहन्नाने खालच्या तुकड्यातला लसूणघास उपटून टाकला. घासाला पाणी फार लागतं, ते वाचलं आणि लिंबांना मिळालं. दोन झाडं तरी गेलीच. शेळ्यांसाठी चारा आता विकत आणतो. घास उपटून तो घरी आला, हात धुतले, आणि बहिणीला म्हणाला, "बाबांनी मला काहीच दाखवलं नाही. मी पाळण्यात होतो."

"मी दाखवते ना," ती म्हणाली.

आता दर महिन्याला, चंद्र नसलेल्या एका रात्री, हैल सिद्रचे रस्त्यावरचे दिवे तीन तास बंद असतात. शेखनी वरच्या कचेरीतून रीतसर परवानगी आणली आहे. पाळी अर्थात घड्याळावरच चालते, ती पद्धत बदललेली नाही. लोक नुसते येऊन बसतात. झुवैना गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाली. तिच्या हाताखाली शिकून गेलेल्या तीन मुलींनी स्वतःच्या दुर्बिणी घेतल्या आहेत, त्यातली एक मोठी आहे, आमच्या नळकांड्याच्या दुप्पट. तिने हिला बोलावलं होतं बघायला. ही जाऊन आली. मी विचारलं, "कशी आहे?" म्हणाली, "फार छान आहे. आरसा जरा वाकडा होता, सरळ करून दिला."

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं डोंगरावर गेलो, वर सडकेच्या शेवटापर्यंत. मुहन्नाने गाडी चालवली. खाली उकाडा, वर मात्र मला शाल लागली. झुवैनाला हंस तारकासमूहातली एक गोष्ट बघायची होती, फुटून गेलेल्या ताऱ्याचं पसरलेलं जाळं. एवढ्याशा दुर्बिणीला ते जवळजवळ अशक्य असतं. सहा उन्हाळे ती त्याच्या मागे होती. वह्यांमध्ये त्याच्या नावापुढे सतरा कोरी पानं होती. त्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास तिने डोळा लावला आणि कितीतरी वेळ हललीच नाही. मग माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. मी पेन्सिल दिली.

तिने काढलेलं चित्र मी नंतर बघितलं. कोऱ्या पानावर एक तारा, आणि त्याच्यामधून गेलेली एक वाकडी रेघ, इतकी फिकी की कागद तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. समोर लिहिलं होतं, "दिसलं. नक्की. तीनदा खात्री केली."

मुहन्नानेही डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मला काही दिसत नाही, झुवैना."

"बरं झालं खरं बोललास," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी परत येऊ." आणि पेटी गाडीत चढवायला तिने एक बाजू धरली, दुसरी त्याने.